अर्धशिशीच्या गोळ्यांचा रिव्ह्यू: प्रोप्रॅनोलॉल, सुमाट्रिप्टान आणि बाकीच्या

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांचं डोकं आत्ता दुखतंय त्यांना सगळं वाचत बसायला नको. माझ्या अर्धशिशीवर सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रोज घ्यायच्या प्रोप्रॅनोलॉलचा, त्याला पाचपैकी साडेचार. डोकं उठल्यावर घ्यायच्या सुमाट्रिप्टानला चार. फ्लुनॅरिझिनला अडीच, ते पण फक्त माझ्यापुरते, कारण माझ्या मावसबहिणीला तेच औषध एकदम लागू पडलंय. आणि मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय आणून रोज खाल्ल्या जाणाऱ्या मिक्स पेनकिलरना मी एकही स्टार देणार नाही, त्याचं कारण खाली सविस्तर लिहिलंय आणि माझी विनंती आहे की बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचाच.

मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरला असते. दिवसभर कॉम्प्युटर, वर ट्यूबलाइट, मार्च ते मे बाहेर पडलं की ऊन डोळ्यात घुसतं. कॉलेजात असल्यापासून उजवी बाजू ठणकते, सोबत मळमळ, उजेड नको, कुकरची शिट्टी नको, फोडणीचा वास तर अजिबातच नको. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठल्या गोळीचा डोस किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी फक्त कुठली गोळी कशी वागते, कधी घेतली की चालते आणि कुणाला चालत नाही हे सांगतेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे अर्धशिशीला निम्म्या घरांत पित्त म्हणतात, उरलेल्या निम्म्यात सायनस नाहीतर चष्म्याचा नंबर. उलटी झाली की बरं वाटतं म्हणून पित्तच असणार असं सगळ्यांना वाटतं, मग अँटासिड, कोकम सरबत, धन्याचं पाणी. मला मिरजेच्या न्यूरोलॉजिस्टांनी जे समजावलं ते असं की उलटी हा डोक्याच्याच दुखण्याचा भाग आहे, अटॅक सुरू झाला की पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, म्हणून मळमळतं. आणि ह्याच कारणामुळे उशिरा घेतलेली गोळी पण पोटातच पडून राहते, रक्तात लवकर जातच नाही, आणि आपण म्हणतो गोळीचा गुण नाही. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं अर्धं शास्त्र आपोआप कळतं. उपचार न करता एक अटॅक चार तासांपासून पार ७२ तासांपर्यंत चालू शकतो, साधारण एका बाजूला, ठणके मारणारा, जिना चढला की वाढणारा. ज्यांचं डोकं दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं दुखतं, मळमळ नाही, चालताफिरता येतं, त्यांचं बहुतेक टेन्शनचं दुखणं असतं आणि त्यावर खालच्या निम्म्या गोळ्या लागू पडत नाहीत, म्हणून निदान आधी नीट करून घ्या.

हा आजार किती कॉमन आहे ते पण ऐका. निमहान्स ह्या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेच्या लोकांनी बंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन सर्व्हे केला होता, २०१५ मध्ये तो छापून आला, त्यात वर्षभरात अर्धशिशी होऊन गेलेली माणसं साधारण २५ टक्के निघाली. चारात एक! आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. तरी ऑफिसात डोकं धरून बसलेल्या बाईला "नाटकं" हेच ऐकावं लागतं, ह्याचा मला मनापासून राग आहे.

आता गोळ्या. ह्यांचे दोन गट आहेत आणि ह्या दोन गटांतला फरक बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नसतो. एक गट डोकं उठल्यावर थांबवणारा. दुसरा गट डोकं उठूच नये म्हणून, दुखत असो नसो, रोज घ्यायचा. आपल्याकडे लोक पहिल्या गटावरच आयुष्य काढतात, दुसरा गट असतो हेच माहीत नसतं.

पहिल्या गटात सगळ्यात साध्या म्हणजे पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन. ह्यांना कमी लेखू नका. हलका अटॅक असेल तर नेप्रोक्सेन ५०० आणि सोबत डॉम्पेरिडोन, आपल्याकडे दोन्ही मिळून एकच गोळी पण येते, हे कॉम्बिनेशन मला कित्येकदा पुरतं. डॉम्पेरिडोन उलटीसाठी असतं असं सगळे समजतात, पण ते थांबलेलं पोट पण पुढे ढकलतं, त्यामुळे सोबतच्या गोळीला रस्ता मिळतो. पाळीच्या दिवसांतच ज्यांचं डोकं धरतं त्यांना काही डॉक्टर पाळीच्या एक-दोन दिवस आधीपासून ठरलेले चार-पाच दिवस नेप्रोक्सेन देतात, माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं त्यावर छान निभतंय. पण अॅसिडिटी, अल्सर, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ह्या पेनकिलरच्या वाटेला विचारल्याशिवाय जायचं नाही.

आता सुमाट्रिप्टान. हे १९९१ च्या सुमारास पहिल्यांदा बाजारात आलं आणि खास अर्धशिशीसाठी बनवलेलं हे पहिलंच आधुनिक औषध म्हटलं तरी चालेल, पेनकिलर नाहीच ते. मेंदूच्या आवरणातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि तिथल्या नसांमधनं ठणका वाढवणारी सीजीआरपी नावाची द्रव्यं सुटतात ती अडवतं. त्यामुळे कंबर दुखली, दात दुखला, म्हणून ही गोळी घेऊन काही उपयोग नाही. गोळी २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये येते, मी ५० ची घेते. अनुभव असा की वेळेत घेतली तर पाऊण-एक तासात ठणका ओसरायला लागतो, दोन तासांत मी परत काउंटरला बसू शकते. वेळेत म्हणजे दुखणं अजून हलकं असताना. पूर्ण चढल्यावर, एक उलटी होऊन गेल्यावर घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं. ज्यांना डोळ्यापुढे आधी नागमोडी चमकतं, मुंग्या येतात, त्यांनी मात्र ते चमकणं चालू असताना नाही, प्रत्यक्ष डोकं दुखायला सुरुवात झाली की घ्यायची, असं मला सांगितलंय.

खरं सांगायचं तर ही जादूची गोळी नाही. अभ्यासांत ५० मिलिग्रॅम घेऊन दोन तासांत डोकं पूर्ण थांबलेली माणसं शंभरात साधारण २८, आणि नुसती पिठाची गोळी घेऊन थांबलेली ११. दुखणं मध्यम-जोरकस असताना घेऊन किमान हलकं तरी झालेले साधारण ५७. म्हणजे बऱ्याच जणांना गुण येतच नाही. पण तरी दोन-तीन वेगवेगळ्या अटॅकला नीट वेळेत घेऊन बघितल्याशिवाय नापास करू नका, आणि एक ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या जातीची औषधं) नाही चाललं तर त्याच जातीतलं दुसरं चालू शकतं. इंजेक्शन आहे ६ मिलिग्रॅमचं, त्याचा आकडा कितीतरी चांगला आहे, शंभरातल्या ५९ जणांचं दोन तासांत पूर्ण थांबतं, कारण पोटाचा प्रश्नच येत नाही. नाकात मारायचा स्प्रे पण आहे, घशात उतरला की कडू जहर, पण ज्यांना पाण्याचा घोट पण टिकत नाही त्यांना सोयीचा.

पहिल्यांदा घेतली तेव्हा मी घाबरले होते. मानेत, जबड्यात, छातीत आवळल्यासारखं झालं, अंग गरम. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, दहा-पंधरा मिनिटांत गेलं. पण हेच कारण आहे की ज्यांना हार्टचा त्रास आहे, हार्ट अॅटॅक येऊन गेलाय, पॅरॅलिसिस झालाय, बीपी ताब्यात नाही, त्यांनी ट्रिप्टान घ्यायचंच नाही. अजिबात नाही. शेजारच्या काकांना "माझ्याकडची घ्या एक" म्हणून द्यायची तर ही गोळीच नव्हे. दुसरी गोळी कधी? पहिलीने बरं वाटून ठणका परत आला तर, मध्ये किमान दोन तास ठेवून, आणि चोवीस तासांत २०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. पहिलीने काहीच झालं नसेल तर त्याच अटॅकला दुसरी गिळून फायदा होत नाही. एक स्टार मी कापलाय तो किमतीसाठी, साध्या पेनकिलरच्या मानाने एकेक गोळी फार महाग पडते, आणि तालुक्याच्या गावात सहज मिळत नाही म्हणून.

न मिळण्यावरनं एक प्रसंग सांगते कारण ह्यात शिकण्यासारखं आहे. एका मेडिकलमध्ये सुमाट्रिप्टान संपलं होतं, काउंटरवरच्या मुलाने रिझाट्रिप्टान १० ची स्ट्रिप पुढे केली, "ताई, तेच आहे, उलट हे भारी, जिभेवर विरघळतं." मी त्या वेळी प्रोप्रॅनोलॉल चालू केलेलं होतं. म्हटलं थांब जरा, डॉक्टरांना फोन लावते. डॉक्टर म्हणाले प्रोप्रॅनोलॉल चालू असलं की शरीरात रिझाट्रिप्टानचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे घ्यायचंच तर ५ चं घ्यायचं, १० चं नाही. आता हे त्या पोराला माहीत नव्हतं, आणि माहीत असायची जबाबदारी दुकानाची आहे, फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं पण फार्मासिस्ट दुकानात नव्हता. तेव्हापासून मी माझ्या सगळ्या चालू गोळ्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवते आणि नवीन काहीही घेताना आधी तो दाखवते. रिझाट्रिप्टान स्वतः चांगलं औषध आहे, ५ चं मी नंतर घेतलंय, गुण आला. फक्त जिभेवर विरघळतं म्हणजे लगेच लागू होतं असं नाही, विरघळून शेवटी पोटातच जातं, फायदा एवढाच की पाणी लागत नाही, एसटीत बसलेलं असताना बरं पडतं.

आता ज्यांना मी शून्य दिलं त्या मिक्स गोळ्या. पॅरासिटामॉल, कॅफिन आणि सोबत आणखी काहीतरी, असं तीन-चार औषधांचं मिश्रण. कधीमधी एखादी घेतली तर लागू पडते, नाही कुठे म्हणतेय मी. अडचण रोजची. माझी मोठी आत्या मिरजेला असते, तिची सकाळ अशाच गोळीने सुरू व्हायची, चहाबरोबर एक, दुपारी ऊन चढलं की दुसरी. डोकं रोज दुखतं म्हणून रोज गोळी, असं ती म्हणायची, आणि खरं कारण नेमकं उलटं होतं, गोळी रोज जाते म्हणून डोकं रोज दुखत होतं! ह्याला डॉक्टरांकडे नाव आहे, औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी. जगभर वापरतात ती व्याख्या अशी आहे: ट्रिप्टान, एर्गोट (ह्याबद्दल खाली सांगते), अफूच्या जातीतली पेनकिलर किंवा मिक्स गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, किंवा साध्या एकऔषधी पेनकिलर पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चालू असेल आणि डोकं महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस दुखत असेल, तर संशय गोळीवर घ्यायचा. लक्षात घ्या, गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात दोन खाल्ल्या तरी दिवस एकच, पण रोज अर्धी खाल्ली तरी महिन्याचे तीस दिवस झाले. आणि हा नियम माझ्या लाडक्या सुमाट्रिप्टानला पण लागू आहे, म्हणून मी कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी लाल टिकली मारते आणि महिन्यात आठच्या वर जाऊ देत नाही.

आत्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या तेव्हा पहिले आठ-दहा दिवस तिचे खरोखर हाल झाले, डोकं आणखी भडकलं, झोप नाही, चिडचिड, सगळ्यांना वाटलं डॉक्टरच चुकला. मधल्या काळासाठी त्यांनी दुसरं औषध दिलं होतं आणि प्रतिबंधाची गोळी पण लगेच सुरू केली होती. मग हळूहळू मोकळे दिवस यायला लागले, दोन-अडीच महिन्यांनी ती आमच्याकडे हळदीकुंकवाला आली तेव्हा पर्समध्ये गोळ्यांची स्ट्रिप नव्हती. तुमच्या घरात कुणी असं रोज एक गोळी खात असेल तर कृपा करून त्यांना हे दाखवा. स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करायला लावू नका, डॉक्टरांच्या हाताखाली करा.

मिक्स गोळ्यांतल्या काहींमध्ये एर्गोटामाइन असतं त्याबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. हे राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतनं निघालेलं औषध, १९१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आर्थर स्टॉल ह्यांनी वेगळं काढलं. मध्ययुगात युरोपात ती बुरशी लागलेल्या पिठाच्या भाकरी खाऊन लोकांची हातापायाची बोटं काळी पडून गळायची, इतक्या ह्याने रक्तवाहिन्या आवळतात. औषधाच्या डोसात तसं होत नाही, पण रोज खाल्ली किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन असल्या अँटिबायोटिकबरोबर पडली तर होऊ शकतं, आणि ट्रिप्टान घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत तर दोन्ही एकत्र करायचंच नाही. ट्रिप्टान नव्हतं तेव्हा पिढ्यान्पिढ्या लोकांनी ह्याच्यावर दिवस काढलेत हे मान्य, पण आज हातात त्याहून सुरक्षित गोळ्या असताना घसा बसला म्हणून अँटिबायोटिक आणि डोकं उठलं म्हणून ही, असं कुणी अजाणता घेतलं तर काय, ह्या विचाराने मला काळजी वाटते.

आता दुसरा गट, आणि मला खरं ह्याच्याबद्दलच लिहायचं होतं. महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, किंवा दिवस कमी पण प्रत्येक अटॅक अंथरुणाला खिळवणारा असेल, तर रोजची प्रतिबंधाची गोळी सुरू करायचा विचार करतात. हे ऐकलं की लोक बिचकतात, "रोजची गोळी म्हणजे सवय लागणार, आयुष्यभर." सवय लागण्याचा संबंध नाही, साधारण सहा महिने ते वर्ष घेऊन मग हळूहळू कमी करून बघतात. दुसरं म्हणजे धीर पाहिजे. पहिल्या आठवड्यात काही होत नाही, पूर्ण डोसवर दोन-तीन महिने दिल्याशिवाय पास की नापास ठरवता येत नाही. आणि पास म्हणजे डोकं कायमचं बंद नव्हे, दिवस निम्म्यावर आले की डॉक्टर त्याला यश म्हणतात. मला आधी ते निम्मं फार कमी वाटलं होतं, पण महिन्याचे निम्मे खराब दिवस परत मिळणं म्हणजे काय हे ज्याला मिळतात त्यालाच कळतं.

मला आधी फ्लुनॅरिझिन दिलं होतं, रात्री झोपताना. आपल्याकडे हे भरपूर लिहिलं जातं, अमेरिकेत तर हे मिळतच नाही. डोकं कमी झालं, हो, पण सकाळी अकरापर्यंत डोळे मिटायला लागायचे आणि वजन वाढायला लागलं, भूक सारखी. मनाला एक मरगळ पण यायची. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी लगेच बदललं, म्हणाले आधीपासून डिप्रेशन असेल किंवा घरात कुणाला असेल तर ह्यात जपावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना हाताला कंप सुटू शकतो म्हणून त्यांना नकोच. पण मावसबहीण मुळात बारीक, झोप न लागणारी, तिला झोप पण लागते आणि चार किलो वाढले त्याचा तिला आनंदच आहे. औषध तेच, माणूस वेगळं.

मग प्रोप्रॅनोलॉल. हे मुळात हृदयाचं औषध, जेम्स ब्लॅक ह्यांनी १९६० च्या दशकात बनवलं, पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. छातीत दुखणाऱ्या पेशंटना हे देत असताना त्यांच्यातल्या काहींची अर्धशिशी पण कमी झाली, १९६६ च्या सुमारास हे लक्षात आलं आणि तिथनं हे डोक्याकडे वळलं. मला ४० मिलिग्रॅमची हळू सुटणारी गोळी सुरू केली, नंतर ८० केली. पहिले दोन आठवडे जिना चढताना पाय जड वाटायचे, हात गार पडायचे, रात्री स्वप्नं फार स्पष्ट पडायची. नाडी साठच्या खाली गेली तर कळवा असं सांगितलं होतं, तशी गेली नाही. दीड महिना झाला तरी फारसा फरक नव्हता, मग कॅलेंडरवरच्या लाल टिकल्या विरळ व्हायला लागल्या, आणि जे अटॅक येत होते ते पण नेप्रोक्सेनवर भागायला लागले. गेल्या उन्हाळ्यात मार्च एंडिंगच्या आठवड्यात, जेव्हा आमच्याकडे रात्री नऊपर्यंत काम चालतं, तेव्हा माझी एकही रजा पडली नाही. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही पूर्वी गुढीपाडव्याला नेहमी अंथरुणात असायचात हो." खरंच असायचे. आणि किंमत, एका गोळीला टपरीवरच्या चहाएवढे पण पडत नाहीत, जन औषधी केंद्रात तर आणखी कमी. एवढं स्वस्त औषध इतकी वर्षं उपलब्ध असताना मला ते कुणी तिशी उलटेपर्यंत दिलं नाही ह्याचं वाईट वाटतं.

अर्धा स्टार कशासाठी कापला? दमा. दमा असणाऱ्यांना हे चालत नाही, श्वासनळ्या आवळतात, त्यामुळे माझ्या नणंदेला हे देता आलंच नाही. आणि एकदम बंद करायचं नसतं, छाती धडधडते, बीपी उसळतं, गावाला जाताना स्ट्रिप विसरलं असं चालणार नाही. डायबेटिसवाल्यांनी पण सांगून घ्यायचं, कारण साखर उतरल्यावर जी धडधड होऊन आपल्याला कळतं ती ह्या गोळीने दबते.

नणंदेला अमिट्रिप्टिलीन चालू आहे, झोपताना १० मिलिग्रॅम. नेटवर वाचलं तर ते डिप्रेशनचं औषध निघतं आणि माणूस घाबरतो, सासूबाई पण म्हणाल्या होत्या "वेड्याच्या गोळ्या कशाला?", पण डोक्यासाठी डोस त्याच्या कितीतरी खाली असतो. तोंड कोरडं पडतं, झोप छान लागते, टेन्शनचं दुखणं आणि अर्धशिशी दोन्ही असणाऱ्यांना हे जास्त बरं. तिला गुण आहे. टोपिरामेट, मुळात फिटचं औषध, मी स्वतः घेतलेलं नाही, माझ्या भाच्याला दिलंय, वजन कमी होतं म्हणून मुलं खूश असतात पण बोटांना मुंग्या येतात, कोल्ड्रिंकची चव बिघडते आणि बोलताना नेमका शब्द आठवत नाही, इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला त्याला ते जाणवलं. मुतखड्याची पण शक्यता, पाणी भरपूर प्यायचं. आणि बायकांनी हे नीट ऐका: टोपिरामेट आणि त्याहून जास्त व्हॅल्प्रोएट (हे पण फिटचंच औषध), दोन्ही गर्भाला अपाय करतात. लग्न ठरलंय, मूल हवंय, किंवा चुकून राहू शकतं, तर हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा, ते विचारतील ह्याची वाट बघू नका. तसंच ज्यांना डोळ्यापुढे चमकून मग डोकं दुखतं त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पॅरॅलिसिसचा धोका वाढतो, हे गायनॅक आणि न्यूरो दोघांनाही माहीत असतं पण ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप्या आपणच.

त्यापुढची औषधं म्हणजे कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ जागी दर बारा आठवड्यांनी टोचायचं बोटॉक्स, ते फक्त महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस दुखणाऱ्यांसाठी. आणि सीजीआरपीवर थेट काम करणारी इंजेक्शनं, पहिलं एरेनुमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ह्या संशोधनासाठी २०२१ चं ब्रेन प्राइझ हे मेंदू-संशोधनातलं बक्षीस चौघांना मिळालं. अर्धशिशी उठूच नये म्हणून खास बनवलेली ही पहिली औषधं, प्रतिबंधाची बाकी बहुतेक बीपी, फिट, डिप्रेशनकडून उसनी आणलेली. पण महिन्याला जो खर्च येतो तो आमच्यासारख्या पगारात बसणारा नाही, आणि म्हणूनच स्वस्त जुन्या गोळ्या नीट, पूर्ण डोसने, पूर्ण वेळ घेऊन बघणं एवढं महत्त्वाचं.

घरगुती गोष्टींचं थोडक्यात. बाम लावून बरं वाटतं, मी लावते, नुकसान नाही, पण अटॅक थांबत नाही. सुंठ उगाळून लावली तर कपाळाची कातडी भाजते तेवढी. उपास मात्र खरा शत्रू आहे, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणं माझ्यासाठी हमखास अटॅक, मी आता दुपारी राजगिऱ्याचा लाडू आणि ताक घेते आणि देवाला त्यात काही वावगं वाटत असेल असं मला नाही वाटत. न्हाण्याने डोकं धरतं असं आपल्या आया सांगायच्या ते पण खरं निघालं, मुंबईच्या डॉ. के. रविशंकर ह्यांनी २००६ मध्ये ९४ पेशंटची नोंद छापली होती, केस धुतल्यावर उठणाऱ्या अर्धशिशीची. मी रविवारी सकाळी भरपेट नाश्ता करून मग केस धुते आणि लगेच वाळवते, बराच फरक आहे.

आणि कुठल्याही गोळीचा रिव्ह्यू वाचत न बसता थेट दवाखाना गाठायचा तो कधी: क्षणात वीज कोसळावी तसं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकं, डोक्याला मार लागल्यानंतरचं किंवा गरोदरपणात नव्याने आलेलं दुखणं. आणि एकाच डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखं, डोळा लाल, नाक वाहतंय, माणूस एका जागी बसू शकत नाही, रोज ठरल्या वेळी, असं असेल तर ती क्लस्टर डोकेदुखी, तिला मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतात, मिनिटाला १२ ते १५ लिटर, आणि वीस मिनिटांत बहुतेक माणसं शांत होतात. आमच्या ऑफिसच्या शिपाईमामांना वर्षानुवर्षं दातांचा त्रास म्हणून दाढा काढून दिल्या होत्या, होतं हे.

माझं प्रोप्रॅनोलॉल आता वर्षाच्या जवळ आलंय, डॉक्टर दिवाळीनंतर ८० वरनं ४० वर आणणार आहेत, मग बघू. लाल टिकल्या परत वाढल्या तर पुन्हा चढवायचं असं ठरलंय. काय होतं ते ह्याच रिव्ह्यूखाली लिहीन. तुम्ही कुठली प्रतिबंधाची गोळी घेताय आणि किती महिन्यांनी गुण आला ते पण लिहा, विशेषतः कॅन्डेसार्टन (मुळात बीपीची गोळी) कुणी घेत असेल तर, दमा असणाऱ्यांना तो एक पर्याय असतो असं ऐकलंय आणि नणंदेसाठी मला डॉक्टरांना विचारायचंय.